ओरखडा जातो कुठे?

मोटारीच्या दारावर झुडपाच्या फांदीचा किंवा किल्लीचा हलका ओरखडा उठतो. गॅरेजमधला कारागीर त्यावर थोडी पेस्ट लावतो, मऊ फडक्याने पाच-दहा मिनिटे घासतो आणि ओरखडा नाहीसा होतो. आपण पैसे देऊन निघतो. पण जरा विचार केला तर हा प्रकार मोठा चमत्कारिक आहे. ओरखडा म्हणजे खाच, म्हणजे तिथला पदार्थ निघून गेलेला. घासल्याने तर आणखी पदार्थ निघून जातो. मग पदार्थ कमी केल्यावर खाच भरली कशी?

उत्तर असे, की ती भरलेलीच नसते. रस्त्यावरचा खड्डा नाहीसा करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, खडी-डांबर टाकून तो बुजवणे. दुसरा, आजूबाजूचा सगळा रस्ता खड्ड्याच्या तळाइतका खाली खरवडणे. दुसरा मार्ग कुणी सुचवला तर आपण हसू. पण पॉलिश करणारा नेमके हेच करतो. ओरखडा जातो, कारण त्याच्या भोवतीचा पृष्ठभाग खाली येतो.

हे एकदा लक्षात आले की पुढचा प्रश्न ओघानेच येतो. खरवडायला मुळात रंग आहे किती?

कागदाएवढी संपत्ती

मोटारीचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर प्रथम फॉस्फेटची अगदी पातळ प्रक्रिया होते. मग पत्रा रंगाच्या हौदात बुडवून, विजेच्या मदतीने, गंजरोधक थर बसवतात. तो सुमारे २० मायक्रॉनचा असतो. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) त्यावर ३०-४० मायक्रॉनचे अस्तर, त्यावर १५-२० मायक्रॉनचा खरा रंग आणि सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा एक पारदर्शक थर. गॅरेजमध्ये त्याला 'क्लिअर कोट' म्हणतात. सगळे मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन होतात. वर्तमानपत्राचा कागद साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे सगळा रंग मिळून वर्तमानपत्राच्या दोन पानांएवढा आणि वरचा पारदर्शक थर एका पानाहूनही पातळ.

वर्गात मुलांना हा अंदाज सहज देता येईल. पाठ्यपुस्तकाची १०० पाने (म्हणजे २०० पृष्ठे) चिमटीत घट्ट धरून पट्टीने जाडी मोजायला सांगा आणि १०० ने भागायला लावा. एका पानाची जाडी मिळेल. त्याच्या जवळपास निम्म्या जाडीत मोटारीची सारी झळाळी सामावलेली असते.

हा पारदर्शक थर १९८० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर रूढ झाला. त्याआधी रंग आणि चमक एकाच थरात असे. आजही काही गाड्यांवर, विशेषतः साध्या पांढऱ्या रंगात, तशी पद्धत आढळते. दोन्हींतला फरक ओळखणे सोपे आहे. पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागला तर थर एकच आहे. फडके स्वच्छ राहिले तर वर पारदर्शक थर आहे. मात्र पारदर्शक थर असलेल्या गाडीवर घासता घासता फडके अचानक रंगू लागले, तर हात तिथेच थांबवावा. वरचा थर संपलेला असतो.

हा थर चमकेसाठी आहे तसाच संरक्षणासाठीही आहे. तो बहुवारिकाचा असतो आणि त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तो फार पातळ झाला की खालच्या रंगापर्यंत ऊन पोचते, रंग विटतो आणि पापुद्रे सुटू लागतात. म्हणून मोटार पॉलिश करणे हा चमक आणि आयुष्य यांच्यातला व्यवहार आहे.

दिसतो म्हणजे काय?

ओरखडा दोन-तीन मायक्रॉन खोल असला तरी डोळ्यांना खटकतो. एवढी बारीक गोष्ट दिसते कशी?

पारदर्शक थराचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. हवेतून त्यावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. पृष्ठभाग सपाट असेल तर हे ४ टक्के एकाच दिशेने, नियमित परावर्तनाने जातात आणि आपल्याला दारात आपला चेहरा दिसतो. खाच असेल तर तिच्या उतारांवरून प्रकाश भलत्याच दिशांना फेकला जातो आणि ती पांढरट रेघ म्हणून दिसते. काळ्या गाडीवर ओरखडे फार दिसतात. याचे कारण काळ्या रंगाचा कठीणपणा किंवा मऊपणा नसून पार्श्वभूमी हे आहे. काळा रंग आतून जवळजवळ काहीच प्रकाश परत पाठवत नाही, त्यामुळे ही रेघ उठून दिसते. पांढऱ्या गाडीत ती आतून येणाऱ्या भरपूर प्रकाशात हरवते.

मग पृष्ठभाग 'गुळगुळीत' कधी म्हणायचा? लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम येथे उपयोगी पडतो. उंचसखलपणा तरंगलांबीच्या आठव्या भागाहून कमी असेल, तर सरळ पडणाऱ्या प्रकाशाला पृष्ठभाग गुळगुळीत भासतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली तर ही मर्यादा सुमारे ०.०७ मायक्रॉन येते. प्रकाश तिरपा पडला की मर्यादा वाढते. आठव्या भागाला आपाती कोनाच्या कोज्येने भागायचे असते. आपाती कोन ८५ अंश असेल तर ती सुमारे ०.८ मायक्रॉन होते. म्हणूनच वहीचे खरखरीत पुठ्ठे डोळ्यांच्या पातळीत आडवे धरून खिडकीकडे पाहिले तर त्यावर खिडकीची चमक दिसू लागते. हा प्रयोग प्रत्येक मुलाला बसल्या जागी करता येईल.

वर्तुळांचे कोडे

उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतात. 'फडके गोल फिरवून पुसल्यामुळे हे झाले,' असे बहुतेक जण सांगतात. हे खरे की खोटे, ते स्वयंपाकघरात तपासता येते.

स्टीलच्या डब्याचे रोज घासले जाणारे सपाट झाकण घ्या आणि ते एका दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळे दिसतील. आता झाकण न हलवता दिवा बाजूला सरकवा. वर्तुळेही दिव्याबरोबर सरकतील! ओरखडे खरोखर वर्तुळाकार असते तर ते जागच्या जागी राहिले असते. प्रत्यक्षात ते सर्व दिशांना, अस्ताव्यस्त पसरलेले असतात. प्रत्येक ओरखडा प्रकाश मुख्यतः आपल्या लांबीला आडव्या दिशेने फेकतो. त्यामुळे प्रतिबिंबाभोवती जे ओरखडे योग्य रोखाने पडलेले आहेत तेवढेच आपल्या डोळ्यांत चमकतात आणि बाकीचे अंधारात राहतात. चमकणारे तेवढे जोडून आपला डोळा वर्तुळ रचतो.

हे ओरखडे येतात कुठून? बहुतेक धुळीतून. रस्त्यावरच्या धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. मोह्सच्या मापक्रमावर गारेचे काठिण्य ७ आहे. चाकूचे पाते सुमारे ५.५ आणि आपले नख सुमारे २.५. रंगाचे काठिण्य तर रंगाच्या प्रयोगशाळेत चक्क पेन्सिलींनी तपासतात. एच.बी., एच., २ एच. अशा चढत्या काठिण्याच्या पेन्सिली फिरवायच्या आणि कोणती पेन्सिल चरा पाडते ते पाहायचे. ज्या पृष्ठभागावर पेन्सिल चरा पाडू शकते, त्यावर गारेचे कण कोरड्या फडक्याखाली दाबून फिरवले तर काय होईल, हे सांगायला नको. गाडी रोज सकाळी कोरड्या फडक्याने 'स्वच्छ' करण्याची आपली पद्धतच बहुतेक ओरखड्यांचे कारण आहे.

मोठ्या ओरखड्यांच्या जागी लहान ओरखडे

घरात मोझेकची फरशी घासली जाताना पाहिली असेल, तर पॉलिशचे तत्त्व तुम्हाला ठाऊक आहे. कारागीर आधी भरड दगड लावतो, मग मध्यम, मग बारीक. प्रत्येक दगड आधीच्या दगडाचे चरे काढतो आणि स्वतःचे, अधिक बारीक, चरे ठेवून जातो. दुर्बिणीचा आरसा घासणारे हौशी खगोलप्रेमीही याच पायऱ्या चढतात. मोटारीच्या रंगावर २००० नंबरचा पॉलिश पेपर वापरला तर त्याचे कण सुमारे १० मायक्रॉनचे असतात. पॉलिशच्या पेस्टमध्ये बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे, एक-दोन मायक्रॉनचे किंवा त्याहून बारीक कण असतात. चरे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच उथळ झाले की चरे राहूनही दिसेनासे होतात.

न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात काचेच्या पॉलिशबद्दल नेमके हेच मत मांडले होते. पुढे, विसाव्या शतकाच्या आरंभी, बेल्बी यांनी वेगळा विचार मांडला. त्यांच्या मते पॉलिश होताना पृष्ठभागाचा पातळ थर वाहतो आणि खाचांवर पसरतो. १९३७ साली बाउडेन आणि ह्यूजेस यांनी दाखवले की पॉलिश करणाऱ्या पदार्थाच्या काठिण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्याच्या वितळणबिंदूला असते. घर्षणाने अगदी थोड्या जागी, क्षणभर, फार तापमान चढते. आज असे मानले जाते की पदार्थानुसार दोन्ही क्रिया कमी-अधिक घडतात. मोटारीच्या रंगाबाबत मुख्य काम बारीक तासणीचेच असते. मात्र उष्णतेचा धोका खरा आहे. बहुवारिक तापले की मऊ होते. बफिंगचे यंत्र एकाच जागी रेंगाळले तर रंग भाजतो.

चिंचेने पितळेचे भांडे उजळते तो प्रकार याहून निराळा आहे. तिथे आम्लात ऑक्साइडचा काळा थर विरघळतो. ते रसायनशास्त्र झाले, हे यंत्रशास्त्र आहे.

प्रयोगासाठी मोटार लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकची जुनी पट्टी घ्या. तिचा एक भाग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून घासा. तो धुरकट होईल. मग २००० नंबर वापरा आणि शेवटी पांढरी टूथपेस्ट ओल्या कापसावर घेऊन दहा मिनिटे घासा. पट्टीखालची अक्षरे पुन्हा वाचता येऊ लागतील. प्रत्येक टप्प्यात घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीचे चरे संपले की नाही ते कळते.

पाणी आणि मेण

ओरखड्यावर पाणी टाकले की तो पुष्कळदा दिसेनासा होतो आणि सुकल्यावर परत येतो. याचे गणित अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना करता येईल. दोन माध्यमांच्या सीमेवरून सरळ परत फिरणारा प्रकाश, त्यांच्या अपवर्तनांकांची वजाबाकी भागिले बेरीज, याच्या वर्गाएवढा असतो. हवा आणि रंग: (०.५ ÷ २.५)², म्हणजे ४ टक्के. पाणी (१.३३) आणि रंग: सुमारे ०.३६ टक्के. मेण (सुमारे १.४५) आणि रंग: सुमारे ०.०३ टक्के, म्हणजे शंभरपटीहून कमी. खाच तशीच असते. पण मेणाने भरल्यावर तिचे उतार प्रकाशाला जवळजवळ जाणवतच नाहीत. ही रस्त्याच्या दुरुस्तीची पहिली पद्धत झाली. मेण उन्हापावसाने उतरते, पुन्हा लावावे लागते. पण त्यात रंग खर्ची पडत नाही.

पाण्याची ही युक्ती निदानासाठीही चांगली आहे. ओले केल्यावर ओरखडा लपला तर तो पारदर्शक थरातच आहे. ओले करूनही दिसत राहिला, किंवा आडवे नख फिरवताना अडकले, तर तो खोल आहे.

काय करावे?

गाडी सावलीत, पत्रा गार असताना, आधी भरपूर पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावी. ओरखडा उथळ असेल तर सर्वांत बारीक पेस्टने, वहीच्या पानाएवढ्या भागात, हलक्या हाताने सुरुवात करावी आणि वारंवार पुसून पाहावे. भरड पेस्ट किंवा पॉलिश पेपर हा शेवटचा उपाय. कडा आणि उठावाच्या रेघा टाळाव्यात. ओला रंग पृष्ठताणामुळे कडेवरून ओसरतो, म्हणून तिथला थर मुळातच पातळ असतो. शिवाय तिथे टेकणारे क्षेत्रफळ लहान, म्हणून दाब जास्त. नख अडकणारा ओरखडा पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये. त्याच्या तीक्ष्ण कडा बोथट केल्या तरी तो पुष्कळ मंदावतो. पत्रा उघडा पडला असेल तर मात्र पॉलिशचा काही उपयोग नाही. तिथे गंज चढण्याआधी टचअपचा रंग भरायला हवा.

शेवटी एक हिशेब वर्गासाठी. १ चौरस मीटर पृष्ठभागावरून १ मायक्रॉन थर काढला तर किती पदार्थ निघेल? बरोबर १ घन सेंटिमीटर. दीड चौरस मीटरच्या बॉनेटवरून २ मायक्रॉन काढले तर ३ घन सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडे अधिक. एवढ्याने गाडी नव्यासारखी दिसते, हे खरे. आता समजा पारदर्शक थर ४० मायक्रॉनचा आहे आणि त्यातला निदान ३० मायक्रॉन उन्हापासून संरक्षणासाठी राखून ठेवायचा आहे. दर खेपेला २ मायक्रॉन जात असतील तर गाडीच्या साऱ्या आयुष्यात असे रबिंग किती वेळा करता येईल? मुले उत्तर 'पाच' असे चटकन देतील. मग त्यांना विचारा, दर सर्व्हिसिंगला रबिंग-पॉलिश करून घेणाऱ्या शेजाऱ्याला ते काय सल्ला देतील?