सातव्या पेशीला मिळणारा निरोप

पिकलेल्या केळ्यांवर जमणारी चिलटे आपण हाताने हाकलून देतो. त्यांच्याच कुळातील फळमाशी गेली शंभराहून अधिक वर्षे प्रयोगशाळांत पाळली जाते. डोळ्यातील पाहणारी पेशी कशी घडते, याचे फार मोलाचे ज्ञान या क्षुद्र जिवाने आपल्याला दिले आहे.

फळमाशीचा डोळा म्हणजे सुमारे साडेसातशे ते आठशे चिमुकल्या नेत्रिकांची जुडी. प्रत्येक नेत्रिकेत प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी असतात. अळीच्या अवस्थेत या पेशी कोवळ्या असतात. त्यांतील आठव्या क्रमांकाची पेशी प्रथम आपली भूमिका स्वीकारते, मग इतर जोडीजोडीने येतात आणि सर्वांत शेवटी सातवी. कोणी काय व्हायचे, हे येथे कुळावरून नव्हे, तर शेजारावरून ठरते.

ही सातवी पेशी अतिनील प्रकाश टिपते. हिरवा आणि अतिनील असे दोन दिवे समोर ठेवले, तर निरोगी माशी अतिनील दिव्याकडे धावते. १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅल्टेक संस्थेत सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत हिरव्या दिव्याकडे जाणाऱ्या काही माशा आढळल्या. त्यांच्या नेत्रिकांत सातवी पेशीच नव्हती. बिघडलेल्या जनुकाला नाव मिळाले ‘सेव्हनलेस’, म्हणजे ‘सातवीविना’.

पुढे उलगडा झाला तो असा. आठव्या पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते. ते शेजारच्या पेशीवरील ‘सेव्हनलेस’ प्रथिनाला भिडले, की ‘रास’ नावाच्या प्रथिनामार्फत निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि ती पाहणारी पेशी बनते. निरोप पोहोचला नाही, तर तीच पेशी भिंग घडवणारी होते. माणसाच्या अनेक कर्करोगांत बिघडलेले आढळते, ते हेच ‘रास’ प्रथिन.

आपल्या दृष्टिपटलातही असे निर्णय जनुकेच घेतात. तेथे अंधुक प्रकाशासाठी सुमारे बारा कोटी दंडपेशी आणि रंग व बारकाव्यांसाठी सुमारे साठ लाख शंकुपेशी असतात. उंदरातील ‘एनआरएल’ हे एक जनुक काढून टाकले, तेव्हा दंडपेशी होऊ घातलेल्या पेशी शंकुपेशींसारख्या झाल्या.

या पेशींची घडण आपल्या आयुष्याच्या आरंभीच उरकते. नष्ट झालेल्या दंडपेशी वा शंकुपेशी माणसाच्या डोळ्यात पुन्हा उगवत नाहीत. भिंगाची गोष्ट निराळी. मोतीबिंदूने ते गढूळ झाले, तर शस्त्रक्रियेने कृत्रिम भिंग बसवता येते. दृष्टिपटल असे बदलता येत नाही. म्हणूनच ‘वय झाले, आता कमीच दिसणार’ हे वाक्य घरात उच्चारले गेले, की सावध व्हावे. कमी दिसण्याचे कारण भिंगात आहे की पडद्यात, हे तपासणीवाचून कळत नाही.

मधुमेह असेल, तर दिसण्यात काही फरक नसला तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. एक डोळा झाकून दिनदर्शिकेच्या चौकटी पाहाव्यात, मग दुसरा झाकून. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मध्यभागी डाग आला, तर नेत्रतज्ज्ञांना लवकर दाखवावे. अचानक विजेसारखे चमकू लागले, काळे ठिपके वाढले अथवा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी जावे. धूम्रपान सोडावे, रक्तातील साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवावा.

घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकून नेतो, त्यामुळे ज्येष्ठांना ती पुष्कळदा जाणवतच नाही. चहा कपाबाहेर ओतला जाणे, पायरी चुकणे, वर्तमानपत्र न वाचताच बाजूला ठेवणे, या खुणा त्यांच्या आधी तुम्हाला दिसतील. त्या दिसताच नेत्रतज्ज्ञांची वेळ घ्या आणि त्यांच्यासोबत स्वतः जा.