सातबाऱ्यावर नसलेली आजी

मालवण किनाऱ्यावरच्या आजीविषयी दिवाळी अंकांत दरवर्षी काही ना काही छापून येतं. त्यात सोलकढी असते, घावणे असतात, तुळशीपुढची पणती असते, जुन्या लुगड्याची ऊब असते. हे सगळं खरं आहे आणि मलाही ते प्रिय आहे. तरीही असा लेख वाचून संपला की चुटपुट लागते. या बाईनं आयुष्यभर एक घर आणि एक शेत चालवलं, उधाऱ्या फेडल्या, दीर-नणंदांची लग्नं निभावली, सासऱ्याचं आजारपण काढलं. तो सगळा कारभार आठवणींतून गळून जातो आणि हाताची चव तेवढी उरते.

तो कारभार समजायचा तर मुंबईपासून सुरुवात करावी लागते. १८५० च्या दशकात तिथे पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं दक्षिण कोकणातली तरणी माणसं लालबाग-परळच्या खोल्यांत जात राहिली. एक पाळीवरून येऊन आडवा व्हायचा तेव्हा दुसरा डबा घेऊन बाहेर पडायचा. अशा खोलीत बायको-पोरांना जागा कुठली? ती गावी राहिली. त्याचा माग जनगणनेत अजून दिसतो. सिंधुदुर्गात २००१ साली हजार पुरुषांमागे १०७९ स्त्रिया होत्या, २०११ साली १०३६. त्याच दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ पर्यंत खाली आली. माणसं जातच राहिली.

कोकण मनीऑर्डरीवर जगलं, असं आपण सहज म्हणतो. मला हे वाक्य अर्धंच वाटतं. पोस्टमन पैसे देऊन, अंगठा घेऊन निघून गेला की पुढचा हिशोब आजीचा होता. दुकानदाराचं किती द्यायचं, लावणीच्या माणसांसाठी किती राखायचं, शाळेची फी आधी की कौलं आधी, हे तिनं ठरवायचं. मुंबईचा चाकरमानी गणेशचतुर्थीला यायचा, जमलं तर मे महिन्यात यायचा. उरलेलं वर्ष घराचा शब्द तिचा. माझी आजी शाळेत गेलेली नव्हती. तिचा उधारीचा हिशोब चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांत असायचा, आणि दुकानदाराच्या वहीशी तो जुळायचा.

तिचं वर्ष सुरू व्हायचं आगोटीच्या तयारीनं. पाऊस लागला की समुद्र बंद, वाटा बंद, म्हणून चार महिन्यांचं सगळं घरात हवं. रातांब्याची सोलं पुन्हा पुन्हा रसात बुडवून उन्हात टाकायची. आंब्याची साठं, फणसाचे पापड, कुळथाची पिठी, सुके बांगडे, गोलमो म्हणजे सुकी कोळंबी. लाकडं आणि शेणी पडवीत रचायच्या, भिंतींना पावसाच्या बाजूनं माडाची झापं बांधायची. भात उकडून, सुकवून उकडे तांदूळ करायचे. वर्षभराची पेज त्यावरच. बियाण्याचं भात वेगळ्या कणगीत, आणि घरात कितीही ओढ असली तरी त्या कणगीला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. मृगाचा पाऊस पडला की भाताचा तरवा, मग लावणी. गुडघाभर चिखलात दिवस काढायचा आणि संध्याकाळी येऊन पुन्हा चूल पेटवायची. हे सगळं ती माया म्हणून करत होती यात शंका नाही. पण त्या मायेला रोजचं गणित होतं, आणि ते एका पावसाळ्यापुरतं जरी चुकलं असतं तरी घर उपाशी राहिलं असतं.

मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजातली दर्याकाठची आजी आणखी वेगळ्या तालावर जगली. रापणीचं जाळं ओढलं की मासळीचे वाटे पडायचे, आणि ती पाटी डोक्यावर घेऊन आतल्या गावांना निघायची. पैसे नसले तर मासळीच्या बदल्यात तांदूळ घ्यायचे. कुठल्या घरी बाळंतीण आहे, कुठे पाहुणे आलेत, कुणाची उधारी थकलीय, सगळं तिच्या डोक्यात. समुद्राचा पैसा घरात आणणारा तिचा नवरा किंवा मुलगा असं आपण समजतो, पण त्या मासळीचा पैसा व्हायचा तो तिच्या पायपिटीनं.

या घरांची खरी परीक्षा १८ जानेवारी १९८२ पासून झाली. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरणी संप लांबत गेला, सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले आणि कितीतरी जण बिऱ्हाड उचलून गावी परतले. संपाच्या इतिहासात नेते आहेत, मालक आहेत, सरकार आहे. मनीऑर्डर उलटी फिरली तेव्हा ज्यांच्या कणगीतल्या भातावर ही माणसं जगली, त्या बायकांसाठी त्या इतिहासात एक प्रकरण हवं होतं. ते लिहिलं गेलं पाहिजे.

भाषाही आजीनंच राखली. शाळेत मास्तर प्रमाण मराठी शिकवायचे, मुंबईत मालवणी बोलायला लाज वाटायची. नातवंडाच्या कानावर मालवणी पडली ती ‘जेवलंस रे झिला?’ विचारणाऱ्या आजीच्या तोंडून. १९८० साली गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं आणि मालवणीचा मान वाढला. त्या नाटकाला हसणाऱ्या चाकरमान्यांच्या कानात ती भाषा आधीपासून होती, कारण घरात ती कुणीतरी बोलत राहिलं होतं.

कागदावर मात्र आजी नाही. वंशावळी काढून बघा. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. बायका असल्या तर ‘अमक्याची पत्नी’ म्हणून. कोकणातल्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची लांबच लांब रांग असते. त्या रांगेत आजीचं नाव लागलंच तर बहुधा नवरा गेल्यावर, मुलांच्या नावांबरोबर वारस म्हणून. लग्नात नाव बदललं, त्यामुळे माहेरचं नावही मागे पडलं. १९५६ च्या वारसा कायद्यानं आणि २००५ च्या दुरुस्तीनं मुलींचा हक्क मानला. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव येतं. या गोष्टी चांगल्या झाल्या. आजीच्या पिढीसाठी त्या उशिराच आल्या.

तिचा शब्द जपता येतो, हे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ या अभ्यासकांनी दाखवून दिलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या तोंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. कुणाचं नाव इतिहासात नसलं तरी तिच्या ओवीखाली ते नोंदवलं गेलं. आपल्या किनाऱ्यावर असं काम घरोघरी व्हायला हवं. त्यासाठी विद्यापीठाची वाट पाहायचं कारण नाही.

चावदिसाच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या, पहाटे आता आपण सगळे गावी किंवा गावच्या आठवणीत असू. तुळशीपुढे अंगठ्यानं कारीट फोडलं जाईल, मग गूळपोहे, दूधपोहे, काळ्या वाटाण्याची उसळ. एके काळी हे पोहे नव्या भाताचे असत आणि आजी ते व्हायनात मुसळानं कांडत असे. त्या पंगतीत बसल्यावर एक काम करा. घरात आजी असेल तर तिला तिचं लग्नाआधीचं नाव विचारा, माहेरचं गाव विचारा, भाताचा कुठला कुणगा तिनं कितीदा लावला ते विचारा, आणि मोबाइलवर तिचाच आवाज साठवून ठेवा. ती गेली असेल तर आत्यांना, मावशांना विचारा. मग घरातली वंशावळ काढा आणि तिचं नाव आजोबांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा.