शववाहिकेचे दात

एका वाचकाने विचारलंय : 'हर्स' म्हणजे शववाहिका, तिचं आणि आपल्या नाटकवाल्यांच्या 'रिहर्सल'चं काही नातं आहे का? आहे, आणि ते थेट रक्ताचं आहे. दोघींचं माहेर शेतात. लॅटिन 'हिर्पेक्स' म्हणजे ढेकळं फोडायचं दातेरी अवजार. ऑस्कन भाषेत लांडग्याला 'हिर्पुस' म्हणत, त्याच्या दातांवरून हे नाव पडलं असं मानतात. फ्रेंचमध्ये त्याचं 'एर्स' झालं. इथे आपला कुळव डोळ्यांपुढे आणू नये, त्याची फास सलग असते. चौकटीत दात ठोकलेलं थोरलं दंताळं आणावं. कारण पुढचा सगळा प्रवास त्या आकाराचा आहे, शोकाचा नाही. किल्ल्याच्या दरवाजात वरून सोडायची अणकुचीदार जाळी, तीही फ्रेंचांची 'एर्स'च. चर्चमध्ये मेणबत्त्या खोचायची खिळ्यांची त्रिकोणी चौकट, तिलाही तेच नाव. ईस्टरआधीच्या आठवड्यात 'टेनेब्री'च्या प्रार्थनेत तिच्यावरच्या, बहुधा पंधरा, मेणबत्त्या एकेक करून विझवत. पुढे बड्या लोकांच्या शवपेटीवर अशीच चौकट उभी राहू लागली. तिचं नाव आधी खालच्या पेटीला चिकटलं आणि सतराव्या शतकात पेटी वाहणाऱ्या गाडीला.

कुणी म्हणेल, नांगरट आणि मेणबत्त्या यांची ही मोट ओढूनताणून बांधली आहे. मग यॉर्कशरमधल्या वेस्ट टॅनफील्डचं चर्च पाहावं. तिथे मार्मियन घराण्यातल्या जोडप्याच्या कबरीवर चौदाव्या शतकातली लोखंडी 'हर्स' अजून उभी आहे, मेणबत्त्यांच्या खिळ्यांसकट. ते खिळे पाहिले की दंताळ्याची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही.

दुसरी हरकत जास्त मोहक आहे : 'रिहर्स' म्हणजे 'री-हिअर', पुन्हा ऐकणं. पण 'रिहर्स'चा इंग्रजीतला जुना अर्थ पुन्हा सांगणं, पाठ म्हणून दाखवणं हा आहे. त्यात कान नाही, तोंड आहे. शिवाय 'हिअर' अस्सल जर्मॅनिक कुळातला, तर 'रिहर्स' जुन्या फ्रेंच 'रेहेर्सिए'वरून आलेला : त्याच रानात पुन्हा दंताळं फिरवणं. आपला शेतकरी पेरणीआधी कुळवाची दुसरी पाळी घालतो, तेच हे. नाटकाची तालीम हा अर्थ त्याला सोळाव्या शतकात येऊन मिळाला. म्हणजे 'हर्स'मधली सुतकी छाया शेजारामुळे पडलेली आहे, मुळातली नाही. तीच मुळातली असती तर तालमीच्या खोलीतही ती आली असती. फ्रेंच रंगमंचावर तर वरून टांगलेल्या दिव्यांच्या रांगेला आजही 'एर्स' म्हणतात, आणि नट तिच्याखाली निर्धास्त उभे राहतात.