एच.आय.व्ही.बाधित स्त्रिया आणि वैद्यकीय सेवा

एच.आय.व्ही. या विषाणूची बाधा भारतात प्रथम १९८६ साली मद्रास येथे आढळून आली. त्या काळी या रोगावर परिणामकारक उपाय नव्हता. आज परिस्थिती पालटली आहे. १ एप्रिल २००४ पासून शासनाने ए.आर.टी. ही विषाणूरोधक औषधे मोफत देण्यास आरंभ केला. २०१७ पासून तर बाधा आढळताच प्रत्येक रुग्णास उपचार देण्याचे धोरण आहे. औषध नियमितपणे घेणारी व्यक्ती दीर्घायुषी होऊ शकते. असे असूनही अनेक स्त्रिया उपचारांपासून दुरावतात, त्याची कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

बहुतेक विवाहित स्त्रियांना हा संसर्ग पतीकडून होतो, आणि अनेकींना तो कळतो तो गरोदरपणातील रक्ततपासणीत. कोणताही उपाय न केल्यास मातेकडून बालकास संसर्ग होण्याची शक्यता शेकडा १५ ते ४५ असते. योग्य उपचारांनी ती शेकडा ५ पेक्षाही कमी होते. त्यासाठी मातेला तात्काळ औषधे सुरू करावीत, प्रसूती रुग्णालयात व्हावी, बालकास जन्मताच प्रतिबंधक औषध द्यावे आणि सहाव्या आठवड्यापासून त्याची तपासणी करावी. अठराव्या महिन्यातील अंतिम चाचणीपर्यंत हा पाठपुरावा सुटता कामा नये.

प्रसूतीच्या वेळी मात्र काही ठिकाणी अशा स्त्रीस दाखल करून घेण्यास टाळाटाळ होते, तिच्या खाटेवर खूण केली जाते किंवा तिचा रोग नातेवाइकांसमोर उच्चारला जातो. या वर्तनास शास्त्राचा आधार नाही. हातमोजे, निर्जंतुक उपकरणे व सुयांची योग्य विल्हेवाट ही दक्षता प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत घ्यावयाची असते. चुकून सुई टोचल्यास ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध घेता येते. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ अन्वये उपचार नाकारणे, संमतीविना चाचणी करणे व रुग्णाची माहिती उघड करणे यांस मनाई आहे. तक्रारीसाठी राज्य शासनाने लोकपाल नेमावयाचा असून, वैद्यकीय निकडीच्या प्रसंगी त्याने शक्यतो २४ तासांत आदेश द्यावा, अशी तरतूद आहे.

प्रसूतीनंतरचा काळ अधिक कसोटीचा असतो. बालक निरोगी आहे असे कळले की घरच्यांचे व कित्येकदा आरोग्ययंत्रणेचेही मातेकडील लक्ष कमी होते. औषध मोफत असले, तरी केंद्रापर्यंतचे बसभाडे व बुडालेली मजुरी मोफत नसते. कोणी पाहील या धास्तीने गोळ्या लपवून ठेवाव्या लागतात आणि मग त्या चुकतात. औषधात खंड पडल्यास विषाणू पुन्हा वाढतो व औषधास दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून वर्षातून एकदा तरी विषाणूभाराची चाचणी आवश्यक ठरते.

आणखी एका गोष्टीकडे फारसे लक्ष जात नाही. एच.आय.व्ही.बाधित स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून दर तीन ते पाच वर्षांनी त्याची तपासणी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ही तपासणी आणि औषधवाटप एकाच दिवशी, एकाच ठिकाणी झाल्यास स्त्रीचा दुसरा खेप वाचेल.

या कामी प्रत्येकास काही करता येण्यासारखे आहे. अधिकाऱ्यांनी केंद्रांतील गोपनीयतेची व्यवस्था पाहावी आणि शक्य तेथे अधिक दिवसांची औषधे एकदम मिळतील असे करावे. शिक्षकांनी बाधित मातेच्या मुलास वर्गात वेगळे बसवू देऊ नये. ग्रामस्थांनी ध्यानी ठेवावे की, एकत्र जेवल्याने, एका विहिरीचे पाणी प्यायल्याने वा स्पर्शाने हा रोग पसरत नाही. अधिक माहिती १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मिळते. बालकाच्या रक्षणासाठी मातेस दिलेले औषध तिच्या स्वतःच्या आयुष्यासाठीही तितकेच आहे, आणि ते तिला आयुष्यभर सन्मानाने मिळाले पाहिजे.