उन्हाच्या मुलखात उन्हाची टंचाई

माण, खटाव, आटपाडी, जत. नुसती नावं घेतली तरी डोळ्यांपुढे ऊन येतं. इथे पाण्याची टंचाई सगळ्यांना ठाऊक. पण कुणाला ऊन कमी पडलं म्हटलं तर लोक हसतील. मीही हसलो होतो.

माझी थोरली बहीण, आमची आपा, सांगलीत असते. दिवसभर शिलाई मशीनवर. तिची कंबर, मांड्या, नडग्या दुखू लागल्या. जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागे. कुणी वात म्हणालं, कुणी वय. वर्षभर तेल चोळणं आणि गोळ्या चालल्या. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. ‘ड’ जीवनसत्त्व अगदीच कमी निघालं.

हे जीवनसत्त्व ताटात फारसं नसतं. अंड्याचा बलक, तेलकट मासे यांतून थोडंफार मिळतं. बाकीचं उन्हातल्या अतिनील किरणांनी आपल्या कातडीतच तयार होतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट शिरत नाही आणि हाडं मऊ पडतात. लहान मुलांचे पाय वाकतात, तोच मुडदूस. मोठ्यांना आपासारखं दुखणं लागतं.

हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी नाशिक भागातली पाहणी 1922 साली प्रसिद्ध केली होती. निकृष्ट खाऊनही उन्हात राबणाऱ्या गरिबांत हा रोग जवळपास नव्हता. तो होता पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत, हिंदूंच्या आणि मुसलमानांच्याही.

म्हणून बुरख्याकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही. आमची अम्मी बुरखा वापरायची, पण घराला मधोमध अंगण होतं. भर दुपारी, डोक्यावरचा पदर सारून, ती तिथे शेवया वाळत घालायची. आपाच्या फ्लॅटला अंगण नाही. खिडकी आहे, पण हे किरण काचेतून आत येत नाहीत. कचेरीतल्या बाबूंचं आणि शाळेतून थेट शिकवणीला जाणाऱ्या पोरांचंही तेच. 2016 ते 2018 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या 10 ते 19 वर्षांच्या 24 टक्के मुलामुलींत ही कमतरता आढळली.

सकाळच्या कोवळ्या उन्हावर आपली फार श्रद्धा. पण त्या तिरप्या उन्हात हे किरण फार थोडे. आपली सावली आपल्याहून आखूड पडते तेव्हाचं, साधारण अकरा ते तीनचं ऊन कामाचं. सावळ्या कातडीला ते जास्त वेळ लागतं. तान्ह्या बाळाला मात्र दुपारी बाहेर काढू नये. त्याच्यासाठी थेंब मिळतात, ते डॉक्टरांना विचारून द्यावेत.

आपाला 60 हजार युनिटची पुडी मिळाली, आठवड्याला एक, आठ आठवडे. मनाने जास्त घेऊ नका, कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येईल, हेही डॉक्टरांनी बजावलं. आता तिच्या इमारतीतल्या बायकांनी गच्ची साडेअकरा ते बारा आपल्यासाठी राखून ठेवली आहे. परवा मी टाकीतलं पाणी बघायला निघालो, तर आपाने जिन्यातूनच परत पाठवलं.