झेंड्याची काठी

लेखमाला : जमाव आणि कायदा (भाग 4)

7 मे 1970. भिवंडीत शिवजयंतीची मिरवणूक निघाली होती. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या पुष्कळांच्या हातांत लाठ्या होत्या आणि लाठ्यांना झेंडे बांधलेले होते. आता ती काठी झेंड्याची म्हणायची, की हाणामारीची? त्या दिवशी भिवंडीत पेटलेल्या दंगलीची, आणि जळगाव-महाडच्या दंगलींचीही, चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली. दंगल आवरणाऱ्यांनाच नव्हे, तर नंतर तपास करणाऱ्या खास पोलीस पथकालाही आयोगाने पक्षपाताबद्दल झोडपलं.

गेल्या आठवड्यात आपण जमावबंदी पाहिली. आज त्यापुढचा प्रश्न : मोर्चाची दंगल कधी होते?

राज्यघटनेच्या 19व्या कलमाने एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे, तो शांततेने आणि विनाशस्त्र. भारतीय न्याय संहितेच्या 189व्या कलमात पाच किंवा अधिक माणसं आणि त्यांचं कायद्याने निषिद्ध असं समान उद्दिष्ट, असा बेकायदा जमाव सांगितला आहे. त्या उद्दिष्टासाठी त्यातल्या एकानेही बळ किंवा हिंसा वापरली, की 191व्या कलमाखाली दंगा. म्हणजे परवानगी नसणं ही दंगलीची खूण नाही. विनापरवानगी मोर्चा काढला तर आदेशभंगाचा गुन्हा होईल, दंग्याचा नाही. कर्कश घोषणा, रस्त्यावर बसकण, पोलिसांशी हुज्जत, यांनीही दंगा होत नाही.

खरी मेख ‘समान उद्दिष्टा’त आहे. हजारांच्या मोर्चात मागून चार पोरांनी दगड भिरकावले, तर पुढे फलक धरून चाललेली माणसं दंगलखोर ठरत नाहीत. त्यांचं उद्दिष्ट दगडाचं होतं हे दाखवावं लागतं. कायदा एवढंच मान्य करतो की सुरुवातीला कायदेशीर असलेला जमाव पुढे बेकायदा होऊ शकतो. नेमका कोणत्या मिनिटाला झाला, हे रस्त्यावरच्या फौजदाराने ओळखायचं असतं, तेही हेल्मेटवर दगड आदळत असताना. सोपं नाही ते.

म्हणून पायऱ्या आहेत. आधी पांगण्याचा हुकूम. तो नुसता देऊन भागत नाही, ऐकू जावा लागतो, कळावा लागतो. भिवंडीच्या लूमवर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातले कामगार आहेत. तिथे भोंग्यावर फक्त मराठी बोलून भागेल का? मग निघून जायला वेळ आणि मोकळी गल्ली. 2011च्या जूनमध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर झोपलेल्या आंदोलकांना पोलिसांनी मध्यरात्री हुसकावलं, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2012मध्ये पोलिसांना दोषी धरलं ते यासाठीच. तरीही हिंसा थांबली नाही तर अश्रुधूर, लाठीमार आणि अगदी शेवटी गोळीबार. जमाव फुटला की बळही थांबलं पाहिजे. पळणाऱ्याच्या पाठीत मारलेली लाठी बंदोबस्तात बसत नाही.

पण या पायऱ्या चढायची वेळ येऊ नये, हे काम मोर्चाच्या दिवशी होत नाही. 1984च्या दंगलीने भिवंडी पुन्हा होरपळली. 1988मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी शहरभर मोहल्ला समित्या उभ्या केल्या : दोन्ही धर्मांची माणसं आणि त्यांच्यासोबत त्या भागाचा पोलीस. चर्चा बहुधा नळ, गटार, शेजाऱ्यांची भांडणं यांवरच व्हायची. साहेब लोकांना ही कामं पोलिसाची वाटत नाहीत. मला वाटतं तीच त्याची खरी शिदोरी. हवालदाराला गल्लीतली माणसं नावानिशी ठाऊक असली, की जमावात कोण दगड शोधतोय आणि कोण नुसता बघतोय, हे त्याला वेगळं दिसतं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993मध्ये मुंबईतल्या दंगलींत 900 माणसं मेली, भिवंडी मात्र शांत राहिली.

पण शिदोरी संपतेही. 5 जुलै 2006 रोजी क्वार्टर गेटजवळ पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून निदर्शनं झाली. ती जागा कब्रस्तानची, असं निदर्शकांचं म्हणणं होतं. दगडफेक झाली, गोळीबारात दोघे गेले. त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार करून जाळलं. सकाळी जागेचा वाद होता, रात्री चार घरांत मयत.

(पुढील आठवड्यात : अटकेनंतरचे पहिले चोवीस तास)