सीताफळाचे छोटे मदतनीस : रसभुंगेरे

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, झाडाखाली पडून आंबलेलं फळ काडीने उलटून पाहा. तिळाएवढे तपकिरी-काळे किडे लगबगीने पळताना दिसले, तर ते बहुधा रसभुंगेरे असतील. इंग्रजीत त्यांना सॅप बीटल म्हणतात. शास्त्रीय कुळ निटिड्युलिडी.

ओळख सोपी आहे. बहुतेकांची लांबी 1 ते 8 मिलिमीटर. स्पर्शिकेचं टोक गदेसारखं गोल. काही जातींत पंखांवरची टणक झाकणं आखूड असतात, त्यामुळे पोटाचं टोक उघडं दिसतं.

आंबूस वास आला की हे हजर! झाडाच्या जखमेतून पाझरणारा रस, फुटलेली फळं, बुरशी, परागकण हे त्यांचं खाणं. अनेक जातींच्या अळ्या सडक्या फळात वाढतात आणि मातीत जाऊन कोष करतात. काही जाती सुक्या मेव्याचं आणि साठवलेल्या धान्याचं नुकसानही करतात.

मग दिसला की मारायचा का? जरा थांबा, आधी सीताफळाचं फूल पाहू.

या फुलाच्या तीन जाड पाकळ्या खाली लोंबतात आणि पूर्ण उमलत नाहीत. आत मधमाशीला शिरायला जागा नसते, पण रसभुंगेरा सहज शिरतो. पिकल्या फळासारखा वास त्याला बोलावतो. फुलात आधी कुक्षी तयार होते आणि पराग नंतर सुटतात. म्हणून एकाच फुलात स्वपरागण सहसा होत नाही. पराग सुटलेल्या फुलातून अंगाला पराग लावून भुंगेरा दुसऱ्या, नुकत्या उमलू लागलेल्या फुलात जातो, तेव्हा काम होतं. भुंगेरे कमी असतील तर काही बागायतदार कुंचल्याने हाताने परागीभवन करतात. फुलोऱ्याच्या दिवसांत कीटकनाशक फवारलं, तर हे मदतनीसही मरतात.

वर्गात करून पाहा : एक गोल आणि एक वाकडंतिकडं सीताफळ आणा. सीताफळाचा प्रत्येक डोळा म्हणजे फुलातला एकेक स्त्रीकेसर. जिथे पराग पोचला नाही, तिथे बी धरत नाही, गर भरत नाही आणि फळ वाकडं होतं. मुलांना दोन्ही फळांतल्या बिया मोजू द्या. मग विचारा, "या फुलापर्यंत भुंगेरे किती पोचले असतील?"

उत्तर ती स्वतःच शोधतील, आणि पुढचा किडा चिरडण्याआधी एकदा तरी निरखून बघतील.